दूध, वाइन, कांदा: त्या फॉरवर्डला उत्तर

मुक्त व्यापार करारांवरचा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, आमच्या गावच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: "२०१९ ला आरसेपमधून (चीनसह आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मोठा व्यापार करार) बाहेर पडून देश वाचवला. आता मात्र दिसेल त्या देशाशी मुक्त व्यापार करार. परदेशी दूध येणार, नाशिकची वाइन बुडणार. आधीच्या करारांनी नुसती तूट (निर्यातीपेक्षा आयात जास्त) वाढवली. शेतकरी संपला." आमच्याकडे घरोघरी दोन म्हशी आणि थोडी द्राक्षबाग, त्यामुळे लोक खरंच घाबरलेत. मी न्हावाशेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं, म्हणजे आयात माल सोडवण्याच्या कागदपत्रांचं काम करतो. याच करारांचे कागद रोज हातातून जातात, म्हणून लिहायला बसलो.

आधी दूध. एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, त्यात दूध आणि दुधाचे पदार्थ सवलतीतून वगळले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही तेच. तेव्हा या दोन करारांमुळे आपल्या डेअरीचा दर पडेल हे म्हणणं साफ चूक आहे.

"तेव्हा बाहेर पडलो, आता सह्या करतोय." यात विसंगती नाही. आरसेपमध्ये चीन होता आणि न्यूझीलंडची दूध भुकटीही. ऑस्ट्रेलियाकडून आपण मुख्यतः कोळसा घेतो. त्यांना कपडे, औषधं, दागिने विकतो. आमनेसामने स्पर्धा फार थोड्या मालात आहे.

तुटीचा मुद्दा मात्र खरा आहे. आसियान, म्हणजे मलेशिया, इंडोनेशियासारख्या आग्नेय आशियातल्या देशांशी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. २०१०-११ मध्ये त्यांच्याशी तूट सुमारे ५ अब्ज डॉलर होती, २०२२-२३ मध्ये ती ४३ अब्जांच्या वर गेली. यातलं पामतेल आणि कोळसा आपण करार नसता तरी घेतलाच असता. माझ्या मते खरी चूक मालाच्या मूळ देशाची नीट तपासणी न करण्यात होती. आसियानच्या मालाला सवलत हवी तर 'एआय' नावाचा फॉर्म, म्हणजे मूळ देशाचा दाखला लागतो: माल तिकडेच तयार झाला, किमान ३५ टक्के मूल्य तिथलं, असा तिथल्या सरकारी कचेरीचा शिक्का. पूर्वी तो कागद बिल ऑफ एंट्रीला (आयातीच्या कस्टम अर्जाला) जोडला की बहुतेक वेळा काम झालं. कागद चोख असला की आतल्या मालाबद्दल कोण विचारतो? श्रीलंकेच्या करारात तर मलेशियाचं पामतेल तिथे नेऊन, त्याचं वनस्पती तूप करून भारतात पाठवण्याचा धंदाच उभा राहिला होता.

२१ सप्टेंबर २०२० पासून 'कॅरोटार' नियम आले, म्हणजे मालाचा मूळ देश तपासण्याचे कस्टमचे नियम. कच्चा माल कुठला, प्रक्रिया कोणती, ही माहिती आता आयातदाराने स्वतः ठेवायची आणि पाच वर्षं जपायची. मी पार्टीला, म्हणजे आयातदाराला फोन करून विचारतो, "साहेब, सप्लायरने कॉस्टिंग (खर्चाचा तपशील) पाठवलं का?" नाही म्हणाले, तर सवलत मागायची नाही, पूर्ण ड्युटी भरायची. आमची कटकट वाढली, पण हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

वाइनचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या करारात ५ डॉलरपेक्षा स्वस्त बाटलीला सवलतच नाही, तिच्यावर १५० टक्के ड्युटी कायम आहे. त्याहून महाग बाटलीवर ती १०० टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ५० वर येईल. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५, पुढे २५. महागड्या वाइनमध्ये नाशिकला स्पर्धा वाढेल, हे मी लपवणार नाही. पण आपली बहुतेक वाइन ज्या दरात खपते, तिथे आडवा बांध घातलेला आहे.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक काळजी मला जास्त वाटते, ती औषधांच्या पेटंटची. पेटंट घेतलेली वस्तू भारतात खरोखर बनवता का, विकता का, याचा खुलासा कंपनीला दरवर्षी द्यावा लागे. मार्च २०२४ च्या नियमबदलानंतर तो तीन वर्षांतून एकदाच द्यायचा. स्वस्त औषधासाठी लढणाऱ्याच्या हातातला पुरावा तेवढा कमी झाला. यावर गावागावात बोललं पाहिजे.

आणि "शेतकरी संपला"? कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत चालली. सरकारी परवानगीने काही देशांना गेलेला माल सोडला, तर लासलगावचा कांदा त्या काळात बंदरावर आलाच नाही. ती बंदी कुठल्याही परदेशाने घातली नव्हती. आदेश दिल्लीतून निघाला होता.