बाळाचे ठोके मोजायला नाही म्हणू नका

माझ्या भाचीला नववा महिना लागलाय. बीपी वाढलेलं आहे, गोळ्या चालू आहेत. परवा तिने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, लेबर रूममध्ये पोटाला ठोके मोजायच्या मशीनचा पट्टा बांधायला नाही म्हणू का?" मेसेज म्हणतो: मशीनचे किरण बाळाच्या मेंदूला घातक, मशीन लावतात ते सिझर करायलाच, बाळ हलतंय तोवर ठोके मोजायची गरज नाही, आजीच्या काळात मशीन नव्हतं तरी बाळं सुदृढच निघायची.

किरणांचं आधी उरकते. पट्ट्याखालच्या एका चकतीतून अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरी जातात, दुसरी कळा नोंदवते. एक्स-रेशी याचा संबंध नाही.

सिझरच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करावंच लागतं. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) 13 चाचण्या आणि 37,000 हून जास्त बायका होत्या. सतत मशीन लावलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण दीडपटीहून जास्त निघालं. नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्मं झालं, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) कमी झाल्याचं दिसलं नाही. मात्र ही तुलना ठरावीक वेळाने ठोके ऐकण्याशी होती, अजिबात न ऐकण्याशी नव्हती! मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच गाळलं. जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून सांगते की बाई निरोगी असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील तर सतत मशीन नको. डॉप्लरने (हातात धरायचं छोटं यंत्र) किंवा पिनार्डच्या नळीने (पोटाला टेकवून कानाने ऐकायची नळी) सुरुवातीला दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर द्यायच्या वेळी दर 5 मिनिटांनी ठोके ऐका. म्हणजे ऐकायचे आहेतच.

"बाळ हलतंय तोवर काळजी नको" हे वाचून मात्र माझा संताप झाला. प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. धडधाकट बाळ ते सोसतं. न सोसणाऱ्या बाळाचे ठोके कळेसोबत उतरतात आणि कळ ओसरल्यावरही लवकर वर येत नाहीत. कळांनी तळमळणाऱ्या बाईने त्याच वेळी बाळ किती हललं याचा हिशेब ठेवायचा का? वाढलेलं बीपी, कळांसाठी लावलेली सलाईन, आधीचं सिझर, बाळाची खुंटलेली वाढ, हिरवं पाणी (बाळाने पोटातच शी केल्याने), यांत वार आणि बाळ आधीच ताणात असू शकतात, म्हणून तिथे सतत नोंद ठेवतात. भाचीला मी सांगितलं, पट्टा लावू दे. कुशीवर झोपून किंवा बसूनही तो लावता येतो. ठोके बिघडले म्हणाले तर नेमकं काय दिसतंय, कूस बदलून किंवा सलाईन कमी करून पाहिलं का, हे बेधडक विचार.

राहिला आजीचा काळ. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये 28. याचं श्रेय ठोके मोजण्याला एकट्याला नाही, लसी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण "सुदृढच निघायची" हे धडधडीत खोटं आहे.