ग्रीन टी आणि साडेचार अंकांचं कोलेस्टेरॉल

ग्रीन टीनं कोलेस्टेरॉल कमी होतं का, असं कुणी विचारलं की मी 'होतं' असंच सांगतो. पंचाईत त्याच्या पुढे आहे. किती कमी होतं, हे कुणी विचारतच नाही.

तर आकडा सांगतो. २०२० साली ३१ चाचण्या एकत्र करून एकूण ३,३२१ लोकांच्या निकालांचा हिशेब मांडला गेला. कुठे कपातला चहा होता, कुठे अर्काच्या कॅप्सूल. घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे बोलीभाषेतलं 'वाईट कोलेस्टेरॉल', सरासरी साडेचार अंकांनी (अंक म्हणजे रिपोर्टवरचे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उतरलेलं निघालं. एकूण कोलेस्टेरॉलही साधारण तेवढंच. एचडीएल, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल', जागचं हललं नाही. म्हणजे तुमचं एलडीएल १६० असेल तर ग्रीन टीनं ते १५५-१५६ होईल. त्याआधी २०११ साली १४ चाचण्यांचा असाच हिशेब झाला होता, त्यात तर एलडीएलची घट जेमतेम दोन अंकांची होती.

माझं काम लॅबमधलं. लोक जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी धरतात, एलडीएलच्या ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "बघा, १५८ चं १५२ झालं. ग्रीन टी लागू पडला." त्या उत्साहावर पाणी ओतायचं जिवावर येतं. पण खरं सांगायचं तर त्याच माणसानं काहीही न बदलता आठवड्यानं पुन्हा रक्त दिलं, तरी तो आकडा दहा अंक सहज इकडेतिकडे होतो. मध्ये ताप येऊन गेला असेल, वजन थोडं हललं असेल, किंवा काहीच झालेलं नसेल. शिवाय बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल थेट मोजलेलंच नसतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि अजून जोरात वापरात आहे. म्हणजे तीन मोजण्यांमधली चूकभूल एकाच ओळीत येऊन बसते. हजारो लोकांच्या सरासरीत साडेचार अंक दिसतात, ते खरेही आहेत. तुमच्या एकट्याच्या रिपोर्टवर ते दिसले असं वाटणं हा मात्र निव्वळ योगायोग असू शकतो.

घट इतकी लहान का, यालाही कारण आहे. हिरव्या चहाची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात, त्यामुळे त्यातली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं टिकतात. काळ्या चहात ती बहुतांशी बदलून जातात. या कॅटेचिन्समधलं मुख्य म्हणजे ईजीसीजी. आतड्यात पित्ताच्या मदतीनं कोलेस्टेरॉलचे जे अतिसूक्ष्म कण तयार होतात, त्यांत ते लुडबुड करतं आणि थोडं कोलेस्टेरॉल शोषलं न जाता निघून जातं. छान. पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल मुळात खाण्यातून येतच नाही, शरीर ते स्वतः बनवतं, आणि आतड्यातून कमी आलं की यकृत आपलं उत्पादन वाढवून बरीचशी भरपाई करतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर देतात ती नेहमीची गोळी, नेमकं त्या उत्पादनाच्या साखळीतलं एन्झाइम अडवते. मग यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. नेहमीच्या मध्यम मात्रेत एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं. १६० वाल्याचं ग्रीन टीनं १५५ होईल, स्टॅटिननं १०० च्या आसपास येईल. हे दोन पर्याय म्हणून एकाच वाक्यात मांडणंच मला पटत नाही.

"मग तो जपानचा अभ्यास?" हे येणारच. तो अभ्यास मी उडवून लावणार नाही, चांगला आहे. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी ओसाकी भागातल्या ४०,५३० लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू, एक कपही न पिणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते. बायकांमध्ये फरक जास्त, पुरुषांमध्ये कमी. कर्करोगाच्या मृत्यूंत काहीच फरक नाही. मात्र यात कुणाला चिठ्ठी टाकून चहा दिलेला नव्हता, जे आपणहून पीत होते तेच मोजले. वय, धूम्रपान, वजन यांचा हिशेब संशोधकांनी वजा केला, तरी माणसाच्या राहणीतलं सगळं काही वजा होत नाही. आणि साडेचार अंकांच्या घटीतून २६ टक्के निघतही नाहीत. एलडीएल ३९ अंकांनी उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक असले मोठे प्रसंग साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात, हे स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्यांतून दिसलंय. त्या मापानं साडेचार अंकांचे दोन-तीन टक्के होतील. तेव्हा ग्रीन टीचा हृदयाला खरंच फायदा होत असेल तर त्याची वाट बहुधा दुसरीकडून जाते. रक्तवाहिन्यांचं अस्तर जरा मोकळं होतं, वरचा रक्तदाब साधारण दोन अंकांनी उतरतो, त्या बाजूनं.

एक गंमत सांगतो. अकिरा एंडो याच तोहोकू विद्यापीठात शिकले. हजारो बुरशा तपासून १९७० च्या दशकात त्यांनी पहिलं स्टॅटिन शोधलं, तेही पेनिसिलियमच्या एका जातीतून. 'गोळी केमिकल, चहा नैसर्गिक' असं तावातावानं सांगणाऱ्यांना मी हेच ऐकवतो. सुरुवात बुरशीपासून झालीय राव, आणखी किती नैसर्गिक पाहिजे?

माझा खरा राग कपावर नाहीच, कॅप्सूलवर आहे. स्टॅटिननं यकृत खराब होईल म्हणून गोळी बंद करणारी माणसं ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल बिनधास्त घेतात. २०१८ साली युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सगळा पुरावा चाळला. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू लागतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. साधा, गरम पाण्यात केलेला चहा त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षितच धरला. डबी हातात घेऊन बघा. पुढे ठळक अक्षरांत 'अर्क' किती ते असतं, मागे बारीक अक्षरांत त्यातलं ईजीसीजी किती ते असतं, आणि कधी कधी तेही नसतं. उपाशीपोटी घेतलं की ते रक्तात जास्त चढतं. आणि वजन उतरावं म्हणून लोक घेतात ते नेमकं उपाशीपोटीच.

अमेरिकेच्या एफडीएपुढेही, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेपुढेही, 'ग्रीन टीनं हृदयरोगाचा धोका घटतो' असं पाकिटावर छापू द्या, अशी मागणी गेली होती. २००६ मध्ये त्यांनी ती फेटाळली.

मी स्वतः पितो, चव आवडते म्हणून. पाणी उकळलं की जरा निवू देतो, पानं दोन-तीन मिनिटं ठेवतो आणि काढून टाकतो, नाहीतर कडूजहर होतो. साखरेचं पेय सोडून कुणी हा घेत असेल तर खुशाल घ्यावा. ती साखर सुटल्याचा फायदा साडेचार अंकांपेक्षा मोठा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर घेऊ नका, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये तासभर जाऊ द्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ग्रीन टीचंही सांगा. नॅडोलॉल नावाची गोळी ग्रीन टीबरोबर दिली तेव्हा रक्तातलं तिचं प्रमाण तब्बल ८५ टक्क्यांनी घसरलं होतं. औषधांची यादी विचारली की आपण 'ते काय, हर्बल आहे' म्हणून नेमकं हेच गाळतो.