वासोट्याच्या वाड्यावरून आलेल्या दोन स्टारना उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या वासोटा किल्ल्याच्या सहलीवरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. जेवण आवडलं, बोटही आवडली. पण "झपाटलेला वाडा" बघायला आलो आणि पडक्या भिंती दाखवल्या, वाटाड्यानं एकही भुताची गोष्ट सांगितली नाही, रात्री गडावर थांबू दिलं नाही, वर वनखात्याच्या नाक्यावर बिस्किटांचे पुडे मोजण्यात वेळ गेला, ही तुमची तक्रार.

पुड्यांचं आधी सांगतो. जंगलात शिरताना वनखातं प्लास्टिक मोजून अनामत घेतं, उतरताना तेवढंच परत दाखवलं की पैसे मिळतात. वासोट्याची वाट आज स्वच्छ आहे ती त्यामुळेच. मुक्कामाचंही तसंच. हे कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. अंधारात त्या वाटेवर गवा किंवा अस्वल समोर आलं तर पळायला जागा नाही.

आता भुताचं. तुमच्या व्हिडिओत ऐकू येणारे ते "आवाज" तुम्ही बाबूकड्यावर स्वतः काढलेत. कडा नालासारखा वळलेला आहे, हाक मारली की तीच फिरून येते. वाटाड्यानं तुम्हाला ते तिथंच समजावलं होतं.

आणि तो वाडा निव्वळ पडक्या भिंती नाही हो. शिवाजी महाराजांनी 1660 मध्ये गड घेतला, तेव्हापासून हा आडबाजूचा किल्ला कैदी ठेवायला वापरला गेला. पेशवाईच्या शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं इथं अडकवून ठेवली होती. त्याआधी पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेशी कित्येक महिने गड झुंजवला. 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या, तेव्हा कुठं तो पडला. ज्या जोत्यावर बसून तुम्ही डबा खाल्लात, त्याच्या सांध्यांत आता झाडांच्या मुळ्या शिरल्यात. बिनछपराच्या मारुतीला आमची माणसं आजही पाया पडूनच पुढं जातात. कोंडलेल्या माणसांच्या जागेवर किंकाळ्यांचा खेळ मांडायला आमचं मन धजत नाही, आणि तसं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

बोटीखालच्या पाण्याचंही तेच. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरला तेव्हा नदीकाठची गावं उठली, शेतं-देवळं पाण्याखाली गेली. इथल्या घराघरात त्याच्या आठवणी आहेत. त्या ऐकायच्या असतील तर रात्री जेवणानंतर आमच्या ओसरीवर बसा, म्हातारी माणसं हौसेनं सांगतील.

बोटीचं भाडं आणि वनखात्याची फी परत देता येणार नाही, ते पैसे आमच्याकडे येत नाहीत. दोन स्टारही राहू द्या. एकच विनंती, वाटाड्याला "भित्रा" म्हटलंय तेवढं काढा. लहानपणापासून तो त्या रानात फिरतोय. तुमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला तेव्हा त्याची सॅक पाठीवर घेऊन, त्याला खांदा देत त्यानंच खालपर्यंत आणलं. तुम्ही थांबायचा हट्ट धरलात तेव्हा तो नाही म्हणाला, ते तुम्हा सगळ्यांना सुखरूप बामणोलीला, बोटीच्या धक्क्याच्या गावी, पोचवायची जबाबदारी त्याच्यावर होती म्हणून.