'फुशारकीची गाणी' म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतो आहे. लोकमान्य नगरच्या आमच्या भिशीत तो मोठ्याने वाचला गेला आणि बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मजकूर असा: 'मी वाघीण, मी पोलाद, मी आग' असं शिकवणारी इंग्रजी पॉप गाणी म्हणजे निव्वळ फुशारकी, स्वतःशीच खोटं बोलणं. मुलांना त्यातले शब्द कळतच नाहीत, ती नुसती ठेक्यावर डोलतात. आपल्या परंपरेत असली मीपणाची भाषा नव्हती. आत्मविश्वास मेहनतीने येतो, गाण्याने नाही. तेव्हा मुलांच्या मोबाइलमधून ही गाणी काढून टाका.

माझी भाची माझ्याकडे राहून भंवरकुआला 'नीट'च्या क्लासला जाते आणि हीच गाणी ऐकते. म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी फुशारकीचं. लिहिणाऱ्याने ही गाणी पहिल्या ओळीपासून ऐकलेली दिसत नाहीत. अमेरिकन गायिका केटी पेरी यांचं २०१० सालचं 'फायरवर्क' घ्या. नाव आतषबाजीचं, पण सुरुवात होते ती वाऱ्यावर भरकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीपासून. तुला कधी तसं वाटतं का, असं गाणं विचारतं. त्यांच्याच २०१३ च्या 'रोअर'मध्ये डरकाळीच्या आधी ओठ मिटून सगळं सोसणारी बाई आहे. फुशारकी मारणारं माणूस आपल्या पडत्या काळाची गोष्ट आधी सांगत नाही.

मागे चाचणीत मार्क घसरले त्या दिवशी भाची दप्तर टाकून म्हणाली, "मावशी, आज माझी पार पन्नी झाली गं." इंदुरात प्लॅस्टिकच्या पिशवीला आपण पन्नीच म्हणतो. तासभर विचारूनही जे तिने सांगितलं नसतं, ते त्या एका शब्दात आलं. आणि ज्या गाण्यातून तिला पन्नी मिळाली, त्याच गाण्यात पुढे ठिणगी आहे हेही तिला माहीत होतं. आपल्या खुजेपणाला आधी नाव द्यायचं आणि मग त्यातून वर जायची वाट दाखवायची, हे काम उपमा-रूपकं करतात. सरळ उपदेशाला ते जमत नाही.

'स्वतःशी खोटं बोलणं' या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच खालावलेलं होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. हे पटण्यासारखं आहे. 'मी हुशार आहे' म्हटलं की मन लगेच गुणपत्रिका पुढे करतं. पण 'माझ्यात ठिणगी आहे' हे कुठल्या गुणपत्रिकेवर तपासणार? रूपक मोजता येत नाही, म्हणून मन त्याच्याशी वाद घालत नाही, असं मला वाटतं. वाक्य खोटं पडतं तिथे रूपक टिकतं.

ठेक्याचं म्हणाल तर ठेक्यात ताकद आहेच. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की संगीतातला बास, म्हणजे खालच्या सुरातला घुमणारा आवाज, वाढवला की ऐकणाऱ्याला आपण अधिक समर्थ आहोत असं वाटतं. पण इअरफोन काढले की बास संपतो. परीक्षेच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, तिथे सोबत जातो तो शब्द. आणि मुलांना शब्द कळत नाहीत, हे 'पन्नी' म्हणणाऱ्या मुलीच्या मावशीला कुणी सांगू नये.

परंपरेचा मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मजकूर पुढे पाठवणाऱ्यांतल्या काही जणी माझ्याबरोबर एकादशीच्या भजनाला बसतात. 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा' आपण टाळ वाजवत म्हणतो. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. तुकोबांचं आकाश परमार्थाचं आहे, प्रवेशपरीक्षेचं नव्हे, हे मला मान्य. पण अणूपासून आकाशापर्यंतची ती चाल पाहा आणि पिशवीपासून आतषबाजीपर्यंतची पाहा. मुंगीला सूर्य गिळायला लावणाऱ्या भाषेतल्या माणसांनी वाघिणीच्या डरकाळीला बिचकायचं काय कारण?

राहिली मेहनत. तिच्याबद्दल वादच नाही. पन्नी झाली त्या संध्याकाळी भाची जेवली नाही. गच्चीवर जाऊन तिने तेच गाणं चार-पाच वेळा ऐकलं, खाली आली आणि फिजिक्सचे चुकलेले अकरा प्रश्न काढून बसली. रात्री साडेअकरापर्यंत सात सुटले. ते सात तिचे, गाण्याचे नाहीत. पण त्या संध्याकाळी मी तिला दोनदा 'अभ्यासाला बस' म्हटलं होतं, आणि माझ्या सांगण्याने वही उघडली नव्हती.