रेडियमचे पाणी विकू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

अंगारे-धुपारे विकण्याचा आपला विचार असेल, तर तो सोडावा. त्या बाजारात आता गर्दी फार झाली आहे. शहाण्या माणसाने विज्ञानाच्या धंद्यात पडावे, कारण देवळाबाहेरच्या गिऱ्हाइकाला निदान अधूनमधून संशय तरी येतो, शिकलेल्याला तोही येत नाही. मुहूर्त मात्र नीट पाहावा. शोध खरा असावा, त्याचा बोलबाला झालेला असावा आणि त्याचे परिणाम अजून कोणी मोजलेले नसावेत. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियम या किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरण बाहेर टाकणाऱ्या, धातूच्या बाबतीत हा मुहूर्त चांगला तीसेक वर्षे टळला नाही.

शास्त्रज्ञांना कधीही खोटे पाडू नये. त्यांचेच बोट धरून थोडे पुढे निघून जावे. १९०३ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना विहिरीच्या पाण्यात किरणोत्सार आढळला, आणि पाठोपाठ प्रसिद्ध गरम झऱ्यांतही तो सापडला. झऱ्याच्या पाण्याला गुण येतो तो त्यामुळेच, हे कोणी सिद्ध केले नव्हते; पण कल्पना इतकी सोयीची होती की पुराव्यासाठी खोळंबून राहणे अरसिकपणाचे ठरले असते. पाण्यातला हा किरणोत्सार रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन वायूचा, आणि तो काही दिवसांत ओसरतो, ही एक अडचण होती. तिच्यावर अमेरिकेत ‘रेव्हिगेटर’ नावाचा, आतून युरेनियमच्या खनिजाचे अस्तर असलेला माठ निघाला. तो रात्री भरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सहा किंवा अधिक पेले प्यायचे.

भेसळ मात्र अजिबात करू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना अशा उपकरणांची कसून परीक्षा घेई, आणि दर लिटर पाण्यात दिवसाकाठी २ मायक्रोक्युरींहून (हे किरणोत्साराचे माप) अधिक रेडॉन न उतरवणाऱ्या दुबळ्या मालाला मान्यता नाकारी. ज्या भामट्यांनी रेडियमच्या नावावर साधे पाणी खपवले, त्यांनी लोकांचे पैसे बुडवले आणि हाडे वाचवली. असल्या माणसांमुळेच धंद्याचे नाव खराब होते.

आदर्श ठेवावा तो न्यू जर्सीच्या विल्यम बेली यांचा. हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सुटले असूनही त्यांनी डॉक्टर ही पदवी स्वतःच लावून घेतली. १९२५ ते १९३० या काळात त्यांनी ‘रेडिथॉर’ या रेडियमच्या पाण्याच्या चार लाखांहून अधिक बाटल्या विकल्या. बाटली अर्ध्या औंसाची, किंमत एक डॉलर. आत ऊर्ध्वपातित पाणी आणि लेबलावर लिहिलेले रेडियम खरोखरच. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना १७ टक्के मिळत, त्यामुळे औषधाच्या गुणाविषयी वैद्यकीय मतभेद फारसे उद्भवले नाहीत.

गिऱ्हाईक निवडताना पिट्सबर्गचे उद्योगपती एबेन बायर्स डोळ्यांसमोर आणावेत. १९०६ चे हौशी गोल्फमधील राष्ट्रीय विजेते, १९२७ मध्ये रेल्वेच्या बर्थवरून पडून त्यांचा हात दुखावला, आणि डॉक्टरांनी रेडिथॉर सुचवले. त्यांना इतकी तरतरी वाटली की त्यांनी सुमारे १,४०० बाटल्या स्वतः रिचवल्या, मित्रमंडळींना पेट्या पाठवल्या आणि शर्यतीच्या घोड्यांनाही पाजले. रेडियमला शरीर कॅल्शियम समजते व थेट हाडांत नेऊन साठवते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे रेडियम संपायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचा असल्याने एवढा टिकाऊ माल दुसऱ्या कोणत्याही वैद्याकडे मिळणार नाही. १९३१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या, फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा वकील जबानी घेण्यास गेला, तेव्हा बायर्स यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात तेवढे उरले होते, खालचा जबडा बहुतेक काढून टाकलेला होता आणि कवटीला भोके पडू लागली होती. मार्च १९३२ मध्ये ते वारले. त्यांना शिशाचे अस्तर लावलेल्या शवपेटीत पुरले.

याने खचून जाण्याचे कारण नाही. डिसेंबर १९३१ मध्येच कमिशनने बेलींना जाहिरात थांबवण्याचा आदेश दिला होता, पण तो रेडिथॉरपुरता होता. बेलींकडे कमरेच्या पट्ट्याला अडकवण्याचे किरणोत्सारी यंत्र होते, आणि टेबलावर ठेवला की छोट्या सूर्यासारखे काम करणारा एक पेपरवेटही होता.