अकरावीत सोडलेली बायोलॉजी

डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला नागपूरला गेले होते. वर्धा रोडवरच्या लॉनवर ताट हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात आत्याने गाठलं. "तू म्हणे दाताची डॉक्टर होऊन राहिली. कायले बाप्पा या वयात?"

माझं वय ३९. ओहायोत १२ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. मागच्या जूनमध्ये तिकडच्या सात डेंटल कॉलेजांना अर्ज केले. हे लिहीपर्यंत एकाचाही होकार नाही. आत्याला हे सांगत होते तर भाऊजी मध्ये पडले. म्हणजे चुलतबहिणीचे यजमान. नीट म्हणजे मेडिकल-डेंटलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. "तिकडे ठीक आहे. इथे चाळिशीतल्या माणसानं सीट घ्यायची, वीस वर्षं प्रॅक्टिस करून घरी बसायचं, अन् गडचिरोलीच्या पोरानं कुठे जायचं?"

आत्याचा प्रश्न मी मसालेभाताबरोबर गिळला. भाऊजींचा घशात अडकला, कारण त्यात तथ्य आहे.

वयाची अट आता आपल्याकडेही नाही. नीटला खुल्या वर्गासाठी २५ आणि राखीव वर्गासाठी ३० अशी मर्यादा घातली होती, ती २०२२ मध्ये काढली. त्याआधीही कोर्टाच्या अंतरिम आदेशामुळे मोठ्या वयाची माणसं परीक्षेला बसत होती. ओडिशातले जय किशोर प्रधान स्टेट बँकेतून निवृत्त झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, नीट देऊन सरकारी मेडिकलला लागले. ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांना कौतुकाने दाखवली होती, आत्यानेसुद्धा. रिटायर माणसाने केलं की जिद्द, दोन लेकरांच्या आईने केलं की 'पोरांकडे कोण पाहील'. असो, तो विषय काढला तर लेख त्यातच संपेल.

आडवा येतो तो अकरावीचा फॉर्म. सोळाव्या वर्षी मी गणित ठेवलं आणि बायोलॉजी सोडली, कारण झुरळ-बेडकाची किळस होती आणि बाबांना मुलगी इंजिनिअर हवी होती. २०२३ च्या नोव्हेंबरपासून बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास केली तरी नीट देता येते, म्हणजे तीही कडी निघाली. पण पुढे काय? तीन तासांचा एक पेपर, ७२० गुण. माझी बारा वर्षांची नोकरी, बाळंतपणं, परक्या देशात उभा केलेला संसार, यांचा त्यात अर्धा गुणही नाही. आणि वेगात नि पाठांतरात सतरा वर्षांची पोरं मला हरवणार, एवढं मला कळतं.

अमेरिकेतही परीक्षा आहे, तिला डॅट म्हणतात. तिच्यात कागदाची घडी घालून भोकं पाडली तर उलगडल्यावर ती कुठे दिसतील, असले प्रश्न असतात. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग इतक्या वर्षांनी कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण परीक्षेच्या आधी अडीच वर्षं ऑफिस सुटल्यावर कम्युनिटी कॉलेज. बायोलॉजी, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री. फिजिक्ससुद्धा परत, कारण नागपूरची मार्कशीट बहुतेक कॉलेजांना चालत नाही. मग एका डेंटिस्टच्या पाठीशी उभं राहून शंभरावर तास नुसतं बघायचं. आणि शेवटी, डॉक्टर का व्हायचंय ते ४,५०० अक्षरांत लिहायचं, मधल्या मोकळ्या जागा धरून.

मी खर्र्याबद्दल लिहिलं. आमच्या मामांना पंचवीस वर्षांची सवय. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घासून मिळतो तो. पुडीवाल्या गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली. खर्रा सुरूच राहिला, हे नागपूरकराला सांगायला नको. मामांचं तोंड आखडत गेलं. आधी पाणीपुरी बंद झाली, मग भाकरीचा घास छोटा झाला, आता दोन बोटं जेमतेम जातात. आम्ही सगळे त्यांना चिडवायचो. ते हसणं माझ्या अर्जात आहे. हे वाचायला तिथे कोणीतरी बसलं आहे आणि प्रवेश देताना हेही धरलं जातं, हा तिकडचा मोठेपणा मी मानते.

फक्त त्या मोठेपणाचं बिल येतं. चार वर्षांचा कोर्स संपेपर्यंत तिकडच्या डेंटिस्टच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं. त्यात २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरच्या वर मिळणार नाही, तेही ग्रीन कार्ड असेल तर. उरलेलं बँकेकडून, नाहीतर घर गहाण टाकून. मी सीट अडवते असं तिकडे कोणी म्हणत नाही, कारण मी ती पूर्ण किमतीला विकत घेते.

म्हणून भाऊजींना मी अर्धं मान्य करते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय लोकांच्या पैशावर चालतं. तिथली जागा मी आणि गडचिरोलीचा मुलगा यांच्यात वाटायची असेल तर ती त्याला द्यावी.

पण दातांच्या बाबतीत ही सीट अडते कुठे? २०२०-२१ ला देशात बीडीएसच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीच्या, सुमारे ७,००० जागा रिकाम्या होत्या. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या वर्षापुरता कटऑफ १० पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं. अशा जागा प्रामुख्याने खासगी कॉलेजांत राहतात, कारण फी लाखांत आणि पुढची कमाई हजारांत. तिथे एखादी चाळिशीची बाई स्वतःच्या पैशाने बसली तर कोणाच्या पोटावर पाय येतो?

आणि भाऊजींच्या शेजारी कोण उभं होतं? माझी चुलतबहीण. बीडीएस, तेही सरकारी कॉलेजातून. तीन वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकवर महिना पंधरा हजारांत राबली, आता मेडिकल कोडिंग करते, म्हणजे बिलांसाठी आजार-उपचारांना कोड लावते. तिने सोडलेल्या सीटचा हिशोब लग्नात कोणी मागितला नाही. ती गुलाबजामच्या वाटीत चमचा फिरवत राहिली.

मीही धुतल्या तांदळाची नाही. आम्ही परदेशातले लोक डिसेंबरात नागपूरला येतो ते दातांची यादी घेऊनच. तिकडे एका क्राऊनला, म्हणजे दातावरच्या टोपीला, हजारावर डॉलर जातात. तिकडच्या डेंटिस्टच्या कर्जाचा हप्ता त्या बिलात असणारच, आणि उद्या मी डेंटिस्ट झाले तर माझाही असेल. इथल्या डॉक्टरांना सतराव्या-अठराव्या वर्षी रांगेत उभं केलेलं असतं, पुढे पंधरा हजारांत राबवलेलं असतं, तेव्हा कुठे माझं रूट कॅनाल स्वस्तात होतं. या दोन्हींतलं बरं कोणतं, हे मी आता छातीठोकपणे सांगत नाही. पूर्वी सांगायचे.

परतायच्या आदल्या दिवशी धरमपेठेत खालच्या दाढेचं काम केलं. डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. तोंडात कापूस भरायच्या आधी मी अर्जाचं सांगून टाकलं. तिने वय विचारलं नाही, मुलं विचारली नाहीत. हातमोजे चढवता चढवता म्हणाली, "ताई, मान-पाठ कशी आहे तुमची? माझी आत्ताच गेली."