मेलेलं प्रवाळ म्हणजे दगड नव्हे

‘किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळ घरी नेलं तरी चालतं, तो नुसता दगड,’ असा मेसेज मालवणात फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रवाळ हा प्राणी. इवल्याशा जिवांनी बांधलेलं चुन्याचं घर म्हणजे तो ‘दगड’. खडक रचणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. मेलेला तुकडा जवळ बाळगणं हाही गुन्हाच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे.

शिवाय पाण्यातल्या मेलेल्या सांगाड्यावरच प्रवाळाच्या नव्या अळ्या चिकटतात, त्याच्या फटींत माशांची पिल्लं लपतात. शोकेससाठी ते उचललेलं बघितलं की जीव तुटतो. स्नॉर्कलिंगला उतरलात तर त्यावर पायही टेकू नका. होडीवाल्यांनो, नांगर वाळूतच टाका.